दहा मिनिटांचा पाठ, चार तासांची वाट

गावोगावच्या शाळांतून अलीकडे एक नवा उद्योग रुजला आहे. गुरुजी किंवा बाई फळ्यासमोर मोबाइल उभा करतात, पाठ शिकवतात, तो टिपून घेतात, मग संगणकावर त्याची काटछाट करतात आणि पालकांच्या फोनवर पाठवून देतात. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हा उद्योग नाइलाजाने सुरू झाला. शाळा उघडल्यावरही तो पुरता थांबला नाही, आणि ते बरेच झाले. आजारी पडलेल्या मुलाला, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाला, राहून गेलेला पाठ पुन्हा पाहता येतो. एकदा समजला नाही तर दोनदा पाहता येतो. हा त्याचा उपयोग खरा आहे.

पण या उद्योगात एक मोठी खीळ बसते ती अगदी शेवटच्या पायरीवर. काटछाट झाली, धड्याचे नाव टाकून झाले, आता फक्त ‘एक्सपोर्ट’ म्हणून बटण दाबायचे. ते दाबले की पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकू लागते. दहा टक्के, अकरा टक्के. जेवणे उरकतात, निजानीज होते, तरी पट्टी निम्म्यावरच असते. तेवढ्यात वीज जाते आणि सगळे मुसळ केरात! मग आपण म्हणतो, “संगणक जुना झाला, नवा घ्यायला हवा.” नव्यासाठी शाळेजवळ पैसे नसतात. पाठ संगणकातच पडून राहतो आणि ज्या मुलासाठी तो केला, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

माझे सांगणे एवढेच आहे, की यात दरवेळी संगणकाच्या वयाचा दोष नसतो. पुष्कळदा आपण त्याच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम मागितलेले असते. काम किती मागितले, हे चौथीतल्या मुलालाही येणाऱ्या गुणाकाराने काढता येते. तो गुणाकार आज आपण मिळून करून पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्या, की चलच्चित्र म्हणजे भराभर पालटणारी स्थिर चित्रे. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. दहा मिनिटांचे सेकंद ६००. म्हणजे दहा मिनिटांच्या पाठात १८,००० चित्रे झाली. आता प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ‘फोर-के’ नावाने जो मोठा आकार ओळखला जातो, त्यात आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात. गुणाकार केला तर एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके येतात. एकेका ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला साधारण तीन बाइट लागतात असे धरले, तर आपला दहा मिनिटांचा पाठ आहे तसा लिहून ठेवायला सुमारे ४४८ जीबी जागा लागेल! एवढी जागा तर पुष्कळ संगणकांत असतसुद्धा नाही.

मग तोच पाठ मोबाइलमध्ये मावतो कसा? तर तो दाबून, आवळून ठेवलेला असतो. आपल्या कापसाचेच पाहा ना. सुटा कापूस गाडीत भरला तर गाडी फुगून जाते. तोच प्रेसमध्ये दाबून त्याची गाठ बांधली की थोडक्या जागेत राहतो. मोबाइल चित्रे टिपता टिपताच त्यांच्या गाठी बांधत असतो. आपण एक्सपोर्टचे बटण दाबतो तेव्हा संगणकाला तीन कामे करावी लागतात. आधी त्या गाठी सोडून चित्रे मोकळी करायची. मग आपण सांगितलेली कारागिरी, म्हणजे नाव टाकणे, उजेड वाढवणे, तुकडे जोडणे, प्रत्येक चित्रावर करायची. आणि शेवटी सगळ्याची पुन्हा नवी गाठ बांधायची. यांतल्या कारागिरीला रेंडर म्हणतात आणि गाठ बांधण्याला एन्कोड. अठरा हजार चित्रांवर ही तिन्ही कामे व्हायची आहेत. वेळ लागतो तो येथे.

गाठ बांधण्याची युक्ती मात्र मोठी समजण्याजोगी आहे, आणि शिक्षकांना तर ती रोजच्या सवयीची आहे. वर्गात पन्नास मुले असली तर हजेरी झाल्यावर आपण मुख्याध्यापकांना पन्नास नावे वाचून दाखवत नाही. “तिघे गैरहजर, बाकी सगळे आहेत,” एवढे सांगितले की काम भागते. संगणकही तसेच करतो. मधूनमधून एखादे चित्र तो संपूर्ण लिहून ठेवतो. त्याला कीफ्रेम म्हणतात. त्यापुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच लिहितो. फळा तोच, भिंत तीच, फक्त बाईंचा हात इकडून तिकडे गेला. मग हाताचाच तेवढा मजकूर लिहायचा.

यासाठी तो चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन आसपासच्या चित्रांत कुठे सापडतो ते धुंडाळतो. सापडला, तर “तो तुकडा एवढा सरकला” असे लिहून मोकळा होतो. ही जी शोधाशोध आहे, तीच सर्वांत खर्चिक. ‘प्रीसेट’ म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्ट’, ‘मीडियम’, ‘स्लो’ असे पर्याय असतात, ते या शोधाशोधीचेच असतात. ‘स्लो’ला सांगितले तर तो कसून शोधतो, वेळ घेतो, पण गाठ लहान बांधतो. ‘फास्ट’ला सांगितले तर वरवर शोधतो, लवकर मोकळा होतो, गाठ थोडी मोठी होते. फळ्यावरच्या पाठाला ‘मीडियम’ किंवा ‘फास्ट’ पुरेसे आहे. त्यापुढे जितके सावकाश जाल, तितका वेळ भराभर वाढतो आणि लाभ मात्र थोडाथोडाच पदरात पडतो.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. मोबाइल हातात धरून पाठ टिपला, तर हात हलतो, आणि हाताबरोबर सबंध चित्र हलते. कालचे आज काहीच जागेवर नाही, अशी हजेरीची अवस्था होते. अंधाऱ्या खोलीत टिपला, तर चित्रात बारीक खडबड दिसते, वाळू भुरभुरावी तशी. ही वाळू प्रत्येक चित्रात नवी असते, म्हणून मागच्याशी जुळणारे काही सापडतच नाही. परिणाम असा, की शोधाशोध फुकट जाते आणि गाठही फुगते. मग आपण ती वाळू घालवायला ‘डीनॉइज’ आणि हादरे घालवायला ‘स्टॅबिलायझेशन’ लावतो. ही दोन कामे सर्वांत संथ कामांपैकी आहेत, कारण त्यांत एकेका चित्रासाठी आजूबाजूची चित्रेही तपासावी लागतात. तेव्हा एक्सपोर्ट लवकर व्हावा असे वाटत असेल, तर उपाय खिडकीपासून सुरू होतो. खिडकीचा उजेड फळ्यावर येईल अशी जागा घ्या, आणि मोबाइल बाकावर पुस्तकांचा आधार देऊन स्थिर ठेवा. या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही.

आता मघाच्या गुणाकाराकडे परत येऊ. पाठ पाहणारा कोण? पाचवीतला मुलगा. पाहतो कशावर? वडिलांच्या फोनच्या वीतभर पडद्यावर. त्याला फोर-के चित्र कशाला हवे? १,२८० गुणिले ७२० हा जो लहान आकार आहे, ज्याला ‘७२०-पी’ म्हणतात, त्यात एका चित्राचे ९,२१,६०० ठिपके होतात. फोर-केच्या बरोबर एक नवमांश! म्हणजे आकार बदलण्याचा एक पर्याय निवडला, की संगणकाने घडवायचे ठिपके नवव्या हिश्शावर येतात. वेळ अगदी नऊपटीने घटेल असे नाही, कारण मूळ मोठ्या गाठी सोडाव्या लागतातच. पण फरक डोळ्यांत भरण्याइतका पडतो. मोबाइलमध्ये टिपतानाच फोर-के न ठेवता १०८०-पी ठेवले, तर सोडायच्या गाठीही चौपटीने हलक्या होतात. मात्र आकार केवळ एक्सपोर्टच्या खिडकीत कमी करून थांबू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये कारागिरी प्रोजेक्टच्या मापाने चालते. म्हणून काम सुरू करतानाच प्रोजेक्टचे माप ठरवावे.

याच्या उलट, ७२०-पीमध्ये टिपलेला पाठ फोर-के करून काढणे म्हणजे दुधात पाणी घालून माप वाढवणे. नवे काही दिसत नाही, वेळ आणि जागा तेवढी जाते. तीच गोष्ट फ्रेमच्या संख्येची. टिपले ३० नी असेल तर काढावेही ३० नीच. ६० करून शिक्षणात काडीची भर पडत नाही. मोबाइलची एक खोड मात्र माहीत असावी. उजेडाप्रमाणे तो फ्रेमचा वेग थोडाथोडा कमीजास्त करतो, आणि मग काही सॉफ्टवेअरमध्ये ओठ पुढे आणि आवाज मागे अशी गंमत होते. तसे झाल्यास हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फीत आधी सरळ करून घ्यावी, मग काटछाटीला बसावे.

आता बिटरेट. हा शब्द अनेकांना बुजवतो, पण त्यात बुजण्यासारखे काही नाही. दर सेकंदाच्या चित्राला किती माहिती द्यायची, त्याचे हे माप. ते बिटमध्ये मोजतात, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून हिशेब असा: मेगाबिट गुणिले सेकंद, भागिले आठ. आपल्या पाठाला सेकंदाला ४० मेगाबिट दिले, तर ४० गुणिले ६०० भागिले ८, म्हणजे ३,००० एमबी झाले. आठ दिले तर ६०० एमबी, आणि दोन दिले तर १५० एमबी. आवाज यात वेगळा धरावा. साध्या बोलण्याला सेकंदाला ९६ किलोबिट पुरतात, आणि ते दहा मिनिटांचे जेमतेम सात एमबी होतात.

हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून ते पालकांच्या खिशाला लावून पाहा. समजा, घरात एकच फोन आहे आणि त्यावर दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज आहे. तीन हजार एमबीचा पाठ उतरवून घ्यायला त्या घराचा दोन दिवसांचा सगळा डेटा संपेल. दीडशेचा पाठ एका दिवसाच्या दहाव्या हिश्शात बसेल. पहिला पाठ कितीही सुबक असला, तरी तो पाहिला जाणार नाही. आपण रात्र जागवून केलेले काम मुलापर्यंत पोचते की नाही, हे अशा एका आकड्यावर ठरते.

मग बिटरेट किती ठेवावा? स्थिर फळ्यासमोरच्या ७२०-पीच्या पाठाला दीड ते दोन मेगाबिट बहुधा पुरतात. हे अंदाजाचे काम यंत्रावरच सोपवायचे असेल, तर ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ हा पर्याय घ्यावा. त्यात एक आकडा द्यावा लागतो. हा आकडा उलटा चालतो: लहान आकडा म्हणजे चित्र चांगले आणि फाइल मोठी. एच-२६४ पद्धतीत २३ पासून सुरुवात करावी. सहाने वाढवला तर फाइल ढोबळमानाने निम्मी होते. फळा स्थिर असेल तेथे यंत्र आपण होऊन काटकसर करते, हालचाल असेल तेथे सढळ हाताने देते. शहाण्या गृहिणीच्या हाती कोठार द्यावे, तसे हे आहे.

एच-२६४ हे नाव आता आलेच आहे, तर गाठ बांधण्याच्या पद्धतींबद्दलही दोन शब्द. एच-२६४ ही पद्धत २००३ साली प्रमाण ठरली. तिच्यानंतर २०१३ साली एच-२६५ आली. नव्या पद्धतीत तेवढ्याच गुणाचे चित्र सुमारे निम्म्या जागेत मावते, हे खरे. पण तिला शोधाशोध कितीतरी जास्त करावी लागते, आणि जुन्या फोनवर ती फीत अडखळते. गावात जुने फोन पुष्कळ असतात. तेव्हा पाठ सर्वांना दिसावा असे वाटत असेल, तर जुनी एच-२६४ हीच सोयीची, आणि आपल्या संगणकालाही हलकी.

संगणकातील काही प्रोसेसरांत गाठी बांधण्याचे खास यंत्रच बसवलेले असते. इंटेलने २०११ साली ‘क्विक सिंक’ नावाने ते आणले. ग्राफिक कार्डांतही तशी सोय असते. शॉटकटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्डवेअर एन्कोडर’ असा चौकोन असतो. तेथे खूण केली, की काम झपाट्याने होते. तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र किंचित कमी उतरते, पण फळ्यावरच्या अक्षरांना त्याने सहसा बाध येत नाही. पाहून ठेवण्यासारखी ही जागा आहे.

काही जण म्हणतील, “आमचा एक्सपोर्ट ठीक होतो हो, पण काटछाट करतानाच चित्र अडखळते.” हे दुखणे वेगळे आहे. त्याला ‘प्रॉक्सी’ हा उपाय आहे. सॉफ्टवेअर मूळ फितीची एक लहान, हलकी नक्कल करते. आपण काम त्या नकलेवर करतो आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ फितीवरून होतो. याने हात मोकळा चालतो. एक्सपोर्टचा वेळ मात्र याने कमी होत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये.

आता संगणकाच्या प्रकृतीविषयी. सतत तासभर हिशेब करणारा प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. विदर्भातल्या मे महिन्यात, पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप गादीवर ठेवून एक्सपोर्टला लावला, तर तो रेंगाळणारच. त्याला टेबलावर ठेवा, हवेच्या जाळीतली धूळ काढा, आणि शक्य तर काम पहाटे लावा. चार्जर जोडलेला असू द्या. नुसत्या बॅटरीवर पुष्कळ लॅपटॉप हात राखून काम करतात. फाइल थेट पेनड्राइव्हवर काढू नका. तो लिहायला संथ असतो, आणि जुन्या फॅट-३२ घडणीचा असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल उतरतच नाही. आधी संगणकात काढा, मग नक्कल करा.

विजेचे काय? एमपी-४ प्रकारच्या फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणते चित्र कुठे आहे, हे तीवरून कळते. ही अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी लिहिली जाते. म्हणून नव्व्याण्णव टक्क्यांवर वीज गेली, तरी हाती उरते ती अनुक्रमणिका नसलेली, न उघडणारी फाइल. ज्या गावी भारनियमन आहे, तेथे पाठ एकदम न काढता तीन-चार मिनिटांच्या भागांनी काढावा. एक भाग बुडाला तर तेवढाच पुन्हा करायचा. शिवाय मुलांच्या दृष्टीनेही लहान भाग बरेच असतात. एका भागात एक मुद्दा.

तयार झालेला पाठ पाठवतानाही एक पथ्य आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ म्हणून पाठवला, की ते अ‍ॅप त्याची गाठ पुन्हा स्वतःच्या पद्धतीने आवळते. दरवेळी आवळताना थोडे चित्र नासते, आणि ते परत मिळत नाही. तोच पाठ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. यूट्यूबवर चढवायचा असेल तर हिशेब निराळा. यूट्यूब आपली फीत घेऊन तिच्या लहानमोठ्या अनेक प्रती स्वतः बनवते, म्हणून तेथे थोडी सढळ फाइल द्यावी. ७२०-पीला पाच आणि १०८०-पीला आठ मेगाबिट अशी त्यांचीच शिफारस आहे. मूळ टिपलेली फीत मात्र जपून ठेवावी. उद्या बदल करायचा झाला तर आवळलेल्या प्रतीवरून करू नये.

एवढे सगळे लक्षात कसे ठेवायचे, असे आपण म्हणाल. त्याला एक साधी रीत आहे. भात शिजला की नाही हे पाहायला सबंध पातेले चिवडत नाहीत. एक शीत दाबून पाहतात. तसेच पाठातला हालचालीचा, अक्षरांचा, असा अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडा आणि तेवढाच एक्सपोर्ट करा. घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटाला एक मिनिट लागले, तर दहा मिनिटांना वीस लागतील. अर्ध्या मिनिटाला बारा मिनिटे लागली, तर सबंध पाठाला चार तास! मग तेथेच थांबा. लावलेली कारागिरी एकेक बंद करून तोच तुकडा पुन्हा काढा. कोणते ओझे जड आहे, ते दोन-चार फेऱ्यांत कळून येते. अशा रीतीने रात्र घालवण्यापूर्वी रात्रीची किंमत कळते.

आणि तो तुकडा तयार झाला, की आपल्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहून समाधान मानू नका. शाळेतल्या एखाद्या साध्या, स्वस्त फोनवर तो उतरवून हातभर अंतरावरून पाहा. अपूर्णांकांचा पाठ असेल तर छेदातला ३ आणि ६ वेगळा ओळखू येतो का? खडूचा आवाज बाईंच्या आवाजावर चढत नाही ना? ओळखू येत असेल, ऐकू येत असेल, तर आणखी ठिपके आणि आणखी मेगाबिट खर्च करण्याचे कारण नाही. ओळखू येत नसेल, तर मात्र काटकसर सोडून आकडा वाढवा. कारण धूसर छेद पाहून मुलाचे गणित चुकले, तर ती चूक त्या मुलाची नव्हे.

तेव्हा, श्रोतेहो, नवा संगणक मिळेल तेव्हा मिळो. तोवर पाहणारा कोण आणि पडदा केवढा, हे आधी ठरवावे. उजेडात आणि स्थिर टिपावे. तेवढ्याच मापाने काढावे. आणि आधी अर्धे मिनिट काढून पाहावे. एवढे केले, तर जुन्या संगणकावरही संध्याकाळी केलेला पाठ त्याच संध्याकाळी उसाच्या फडाकडच्या कोपीपर्यंत पोचू शकेल.